मुलांना चित्र ‘शिकवू नका’ म्हणणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

शासकीय रेखाकला परीक्षांचे, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटचे अर्ज भरण्याचे दिवस आले, की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे: चित्रकला ही जन्मजात देणगी असते, ती शिकवून येत नाही, समोर वस्तू ठेवून ती काढायला लावणे ही नक्कल आहे आणि तिने मुलांची सर्जनशीलता मरते, पिकासो, व्हॅन गॉग, हुसेन हे कोणाकडे शिकायला गेले नव्हते, या रेखाकला (ग्रेड) परीक्षा आता दहावीच्या वाढीव गुणांपुरत्या उरल्या आहेत, आणि मोबाइलवर चार शब्द लिहिले की चित्र तयार होत असताना हात घडवण्यात वर्षे घालवण्याचे कारण नाही. शेवटी आवाहन असते, की मुलांना कागद आणि रंग द्या आणि मोकळे सोडा.

मी 23 वर्षे माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवत आहे. हा संदेश लिहिणाऱ्याला मुलांविषयी कळकळ आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि त्यातला एक मुद्दा बऱ्याच अंशी खराही आहे. परंतु उरलेल्या मुद्द्यांवर विश्वास ठेवून पालक जेव्हा चित्रकलेच्या तासाला ‘मोकळा तास’ समजू लागतात, तेव्हा ज्यांच्या घरी कोणी पेन्सिल हातात धरलेली नाही अशा मुलांचे त्यात सर्वाधिक नुकसान होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिला मुद्दा देणगीचा. लहान मूल बेधडक चित्र काढते हे खरे आहे. आई घरापेक्षा उंच असते, सूर्याला डोळे असतात आणि मुलाला त्यात काही खटकत नाही. परंतु साधारण 9 ते 12 या वयात मुलाला आपले चित्र खऱ्यासारखे व्हावे असे वाटू लागते. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली मुलांच्या चित्रांच्या ज्या अवस्था मांडल्या, त्यांत या वयाची अशीच नोंद आहे, आणि पाचवी-सहावीच्या कोणत्याही वर्गात ती डोळ्यांनी पाहता येते. चित्र काढून झाले की मूल त्यावर हात ठेवते, वही मिटते आणि म्हणते, “सर, मला नाही येत.” या वयात मुलाची अपेक्षा वाढलेली असते आणि ती पूर्ण करण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. त्याच क्षणी त्याला मोकळे सोडले, तर ते चित्र काढणेच सोडून देते. “माझी चित्रकला वाईट आहे” असे सांगणारी जी असंख्य मोठी माणसे आपल्याला भेटतात, ती बहुतेक याच वळणावर थांबलेली असतात.

शिकवून नेमके काय येते, हे एका तांब्यावरून सांगतो. टेबलावर तांब्या ठेवून तो काढा म्हटले, की न शिकलेले मूल ठरलेली चूक करते. तोंड गोल आहे हे त्याला ठाऊक असते, म्हणून ते वर जवळजवळ पूर्ण गोल काढते, किंवा दोन्ही कडांना टोके असलेला डोळ्यासारखा आकार काढते. आणि तांब्या टेबलावर सपाट बसला आहे हेही त्याला ठाऊक असते, म्हणून तळाशी पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ ओढते. त्याने तांब्या पाहून काढलेला नसतो, आपल्याला असलेली माहिती काढलेली असते. अशा वेळी मी मुलाला तांब्या हातात घेऊन डोळ्यांच्या पातळीवर धरायला सांगतो. तोंडाची एक आडवी रेघ होते. मग तो हळूहळू खाली न्यायचा. रेघ उघडत जाते, लंबवर्तुळ होते, आणि जितका खाली जाईल तितके ते अधिक गोलाईला येते. एवढे झाले की तळ तोंडापेक्षा खाली आहे, तेव्हा तळाची कड तोंडापेक्षाही अधिक गोलसर वळली पाहिजे, हे मूल स्वतःच सांगते. त्यानंतर हात सरळ ताणून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत मानेची रुंदी मोजायची आणि ती एकूण उंचीत किती वेळा बसते ते पाहायचे. या सगळ्याला एक तासिका पुरते. ज्या मुलाला आपल्यात देणगी नाही असे पक्के वाटत होते, त्याचा तांब्या तासाच्या शेवटी कागदावर बसलेला दिसतो. काही मुलांची नजर मुळातच तल्लख असते, हे मीही मानतो. गाण्यात गळा असतो तसेच ते आहे; पण गळा आहे म्हणून पलटे घोटायचे नाहीत, असे आपण गाणाऱ्या मुलाला सांगत नाही.

दुसरा मुद्दा नक्कल आणि सर्जनशीलतेचा आहे, आणि माझ्या मते संदेशाची सर्वांत मोठी गफलत इथेच आहे. मुलांना कागद देऊन “तुम्हाला हवे ते काढा” असे सांगितले तर काय निघते, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेतून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघून रुंद होत येणारी नदी, काठावर उतरत्या छपराचे घर, शेजारी नारळाचे झाड आणि आकाशात इंग्रजी व्हीसारखे पक्षी. डोंगर कधीही न पाहिलेली मुलेही हेच काढतात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणारी मुलेही हेच काढतात, जरी त्यांच्या खिडकीतून दिसणारा डोंगर माथ्याला सपाट असला आणि त्याच्या अंगावर काळ्या कातळाचे आडवे थर स्पष्ट दिसत असले तरी. हे चित्र मोठ्या भावंडाकडून, शेजाऱ्याकडून, वहीच्या कव्हरवरून आलेले असते. ज्याला आपण मुक्त चित्र म्हणतो, ती नकलेची नक्कल असते.

आता त्याच वर्गाला आवारात नेऊन कडुनिंबासमोर बसवा. पानांचा हिरवा ढग काढायचा नाही, आधी खोड कुठे वळते, पहिली फांदी जमिनीपासून किती उंचीवर फुटते, दोन फांद्यांमध्ये आकाशाचा तुकडा कोणत्या आकाराचा दिसतो तेवढेच पाहायचे, असे सांगा. 40 मुलांच्या कागदांवर 40 वेगळी झाडे येतात, कारण प्रत्येकाची बसण्याची जागा वेगळी असते, आणि कोणाला खोडावरच्या भेगा महत्त्वाच्या वाटतात तर कोणाला मोडलेली फांदी. चित्रावरून चित्र काढणे आणि वस्तू पाहून चित्र काढणे या दोन क्रियांना संदेशाने एकाच शब्दात गुंडाळले आहे. दुसरी क्रिया पहिलीवरचा उतारा आहे.

चित्रावरून चित्र काढणेही सरसकट वाईट म्हणता येत नाही. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली 1872 ते 1885 या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या कामातले पेस्तनजी बोमनजी पुढे नामवंत व्यक्तिचित्रकार झाले. भिंतीसमोर बसून रेषेचा माग काढण्यात गेलेल्या वर्षांनी त्यांच्यातला चित्रकार मारला नाही. वारली चित्रकलेचेही तसेच आहे. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नाच्या वेळी भिंतीवर काढायची चौकट, तांदळाच्या पिठाने लिहिण्याचे काम सवाशिणींचे, आणि दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून माणूस उभा करण्याची रीत एकीचे पाहून दुसरीने उचललेली. हीच ठरलेली रीत हाती घेऊन जिव्या सोमा मशे यांनी चौकाबाहेरचे जग चितारले, दाट रेषांनी विणलेली मासेमारीची जाळी काढली, आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंपरेने हाताला दिलेले वळण त्यांच्या आड आले नाही.

तिसरा मुद्दा थोर चित्रकारांचा. संदेशातली नावे थोडी तपासून पाहिली तरी पुरे आहे. पिकासोचे वडील चित्रकलेचे शिक्षक होते, त्यांनी मुलाला लहानपणापासून शिकवले, आणि 1895 साली तो बार्सिलोनाच्या कलाशाळेत दाखल झाला. व्हॅन गॉग शाळेत फारसा रमला नाही हे खरे, पण 1880 साली चित्रकार होण्याचे ठरवल्यावर त्याने चार्ल्स बार्ग यांनी तयार केलेल्या रेखाटनाच्या पाठांची पाने पुन्हापुन्हा काढून काढून हात बसवला, आणि यथार्थदर्शन, म्हणजे जवळचे मोठे आणि दूरचे लहान दिसण्याचे प्रमाण, चुकू नये म्हणून दोऱ्यांची चौकट करून घेतली व तिच्यातून पाहून रेखाटने केली. त्याने बहुतांश स्वतःच स्वतःला शिकवले. शिकणे टाळले नाही. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवली, आणि त्या कामात माणसाचा चेहरा शिडीवर चढून, जवळून एक डोळासुद्धा पूर्ण दिसत नसताना, प्रमाणात आणावा लागतो. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांत ओळखीची एकही वस्तू दिसत नाही, पण तेही 1948 साली जे. जे. मधून पदविका घेऊन बाहेर पडले होते. सय्यद हैदर रझा तर स्वतः सांगत असत, की लहानपणी शाळेत त्यांचे मन एकाग्र होत नसे, तेव्हा शिक्षकांनी भिंतीवर एक बिंदू काढून त्याच्याकडे पाहत बसायला सांगितले होते. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांच्या चित्रांत बिंदू आला. त्या शिक्षकांनी एका मुलाला एका जागी नजर ठेवायला शिकवले होते.

चौथा मुद्दा ग्रेड परीक्षांचा; त्यातला खरा भाग आता मान्य करतो. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली तर दहावीला 7 गुण, बीला 5 आणि सीला 3 अशी सवलत आल्यापासून अर्ज वाढले आणि घाईही वाढली. सर्वांत जास्त हानी स्मरणचित्राची झाली. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेला प्रसंग आठवून काढणे. पण अनेक ठिकाणी भाजी बाजार, बसथांबा, गणपती विसर्जन, पावसातली शाळा अशी चार-पाच तयार चित्रे घोटून घेतली जातात, आणि परीक्षेत विषय कोणताही आला तरी डोक्यावर टोपली घेतलेली तीच बाई त्याच कोपऱ्यात उभी राहते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही मुलांना अशा तयार आकृत्या दिल्या आहेत. निकाल चांगले लागले. मुले मात्र परीक्षेनंतर त्या आकृत्यांपलीकडे एक माणूस काढू शकत नव्हती. याची खंत मला आजही आहे. संदेश लिहिणाऱ्याने अशी चित्रे पाहून तो लिहिला असेल, तर त्याचा राग रास्त आहे.

परंतु हा दोष शिकवण्याचा नाही, शिकवणे टाळल्याचा आहे. माणूस उभा कसा राहतो, वजन एका पायावर टाकले की कंबर आणि खांदे उलट बाजूंना कसे कलतात, ओझे उचलताना पाठ कुठून वाकते, हे शिकवायला वेळ लागतो, म्हणून तयार आकृती दिली जाते. हल्ली मी मुलांना खिशात मावेल अशी कोरी वही ठेवायला सांगतो आणि आठवड्यातून एकदा बसस्थानकावर किंवा आठवडी बाजारात अर्धा तास बसायला लावतो. खोडरबर न्यायचे नाही आणि चेहरे काढायचे नाहीत, फक्त माणसाचा कल काढायचा. परीक्षेपर्यंत त्या वह्यांतून जी माणसे जमतात, ती तिथल्या कागदावर आपोआप येतात आणि कोणाचीही बाई कोणासारखी दिसत नाही. त्याच परीक्षेतले वस्तुचित्र, संकल्पचित्र (नक्षीची रचना), कर्तव्यभूमिती (साधनांनी काढायची भूमिती) आणि अक्षरलेखन यांचेही असेच आहे: घाईने उरकले तर गुण, नीट शिकवले तर पुढे सुतारकाम, शिवण, वास्तुकला, मुद्रण अशा कुठल्याही कामात साथ देणारी नजर.

आणि शाळेने शिकवायचे नाही असे ठरले, तर शिकणे थांबणार नाही. ते खासगी क्लासमध्ये जाईल. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत 100 हून अधिक मुले असलेल्या शाळेसाठी कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक, म्हणजे काही वेळापुरता येणारा शिक्षक, सांगितला आहे. ज्या तालुक्यात तो कागदावरच राहतो, तिथल्या मुलांसाठी चित्रकलेचा एकमेव तास हाच सगळा मार्ग असतो. त्या तासाला “मोकळे सोडा” म्हणणे म्हणजे फी भरू शकणाऱ्यांना शिकू देणे आणि इतरांना डोंगर-सूर्यापाशी ठेवणे आहे. पालकांनी हा संदेश पुढे पाठवण्याऐवजी आपल्या शाळेत निदेशक आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

राहिला मोबाइलचा मुद्दा. चार शब्दांतून चित्र मिळते, हे मी वर्गात मुलांना दाखवले आहे, आणि त्या चित्रातल्या पेल्याची पडछाया उजेडाच्याच बाजूला पडल्याचे त्यांनीच मला दाखवून दिले, कारण त्याआधी महिनाभर ती खिडकीच्या उजेडात छायाप्रकाश काढत होती. तयार चित्र पारखायलाही शिकलेली नजर लागते. पण त्याहून मोठे कारण आठवीतल्या एका मुलीच्या कागदावर आहे. तिने तांदूळ निवडणारे आजीचे हात काढायला घेतले होते. पहिल्या रेखाटनात सगळी बोटे सरळ, एकाला एक लागून, कोणाच्याही हाताची असतात तशी होती. तिला मी दुसरे काही सांगितले नाही. आजीशेजारी बसून पुन्हा काढ, आणि बोटांऐवजी बोटांमधल्या फटी काढ, एवढेच सांगितले. तीन दिवसांनी तिने पाव इम्पीरियल आकाराच्या चित्रकागदावर काढलेले चित्र आणले. उजव्या हाताची करंगळी मधल्या पेरापाशी बाहेरच्या बाजूला वळलेली होती आणि तिच्या शेजारची फट खालपर्यंत रुंद होत गेली होती. करंगळी कधीतरी मोडून तशीच जुळली होती. त्याच घरात 13 वर्षे राहून ते तिला पहिल्यांदा दिसले होते, आणि ती कशी मोडली हे तिने त्याच संध्याकाळी आजीला विचारले होते.