‘शुगरने कोणी मरत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘मधुमेहाने माणूस मरत नाही, मधुमेहाच्या औषधांनी मरतो’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. तुमच्याकडेही आला असेल. त्याचा सारांश असा: मृत्यूच्या दाखल्यावर कधी ‘मधुमेह’ लिहिलेला पाहिलात का? नाही ना, कारण तो आजारच नाही. 1997 साली औषध कंपन्यांनी साखरेची मर्यादा खाली ओढली आणि एका रात्रीत करोडो लोक रोगी ठरवले. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने किडनी जाते. परदेशातल्याच एका चाचणीत दिसलं की साखर फार खाली आणली तर मृत्यू वाढतात. तेव्हा गोळ्या आणि इन्सुलिन आजच बंद करा, सकाळी कारल्याचा रस घ्या, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, उलट्या, थकवा, धाप असं काही झालं तर घाबरू नका, शरीरातलं विष बाहेर पडतंय.

असे मेसेज मी एरवी न वाचताच पुसून टाकते. हा वाचावा लागला, कारण माझ्या काकांनी तो वाचून इन्सुलिन थांबवलं.

त्यामुळे आधी त्या शेवटच्या वाक्याचंच बघू. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात आणि खोल श्वास, मग गुंगी. वैद्यकाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात ही यादी सापडेल, पण ती ‘डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस’ या मथळ्याखाली. इन्सुलिन नसलं की रक्तात साखर भरपूर असूनही ती पेशींत शिरत नाही. शरीर मग चरबी जाळायला लागतं. त्यातून कीटोन तयार होतात, ते साठत गेले की रक्त आम्लधर्मी होतं. ते आम्ल बाहेर टाकण्यासाठी माणूस धापा टाकतो. लघवीवाटे साखरेबरोबर पाणी आणि क्षार निघून जातात, जीभ कोरडी पडते. उपचार मिळाले नाहीत तर याचा शेवट मृत्यू आहे, आणि टाइप 1 मधुमेहाच्या, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही अशा मुलांत तो एक-दोन दिवसांतही येऊ शकतो.

म्हणजे ज्या लक्षणांना पाहून घरच्यांनी पेशंटला उचलून दवाखान्यात न्यायचं, नेमक्या त्याच लक्षणांना हा मेसेज ‘घाबरू नका’ म्हणतोय. काकूंचा फोन आला तेव्हा त्या हेच म्हणाल्या, “त्यांना सारखं उलटीसारखं होतंय गं, पण त्यात लिहिलंय ना, पहिले काही दिवस असं होतं म्हणून.” ग्लुकोमीटर लावायला सांगितला तर त्यावर आकडाच येईना, नुसतं ‘हाय’ दिसायचं. बहुतेक यंत्रांवर याचा अर्थ साखर 600 च्या वर, मोजण्याच्या पलीकडे. लघवीत कीटोन निघाले, काका आयसीयूत राहिले, आणि सुदैवाने घरी आले. मेसेज लिहिणाऱ्याने एवढं एक वाक्य जरी गाळलं असतं, तरी काकूंनी आदल्या दिवशीच डॉक्टर गाठला असता. हे वाक्य कुणी अजाणता लिहिलं असेल यावर माझा विश्वास बसत नाही. औषध बंद केल्यावर माणूस आजारी पडणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, म्हणून तर त्याने आधीच उत्तर तयार ठेवलं.

इन्सुलिनशिवाय काय होतं हे जगाने पाहिलेलं आहे. 1922 च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत, आणि तेवढं करूनही ती फार काळ जगत नसत. इन्सुलिन मिळाल्यावर लिओनार्ड आणखी 13 वर्षं जगला.

आता दाखल्याचा मुद्दा. हा बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही पटतो, म्हणून जरा सविस्तर. महापालिका किंवा ग्रामपंचायत आपल्या हातात जो मृत्यूचा दाखला देते, त्यावर मधुमेह नसतो हे खरं आहे. त्यावर कॅन्सरही नसतो, टीबीही नसतो, अपघातही नसतो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यानुसार त्या दाखल्यावर मृत्यूचं कारण उघड करताच येत नाही. कारण लिहिलं जातं डॉक्टरांच्या वेगळ्या प्रमाणपत्रावर. हॉस्पिटलमधल्या मृत्यूसाठी नमुना 4, बाहेरच्या मृत्यूसाठी 4 अ. त्यात वरच्या ओळीत तात्कालिक कारण असतं, खालच्या ओळींत ते कशामुळे झालं, मग त्याच्याही मागे काय होतं, आणि दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणारे इतर आजार. वीस वर्षं साखर वाढलेला माणूस हार्ट अटॅकने गेला तर वरच्या ओळीत हार्ट अटॅक येतो. खालच्या ओळी घाईत रिकाम्या राहिल्या की मधुमेह कागदावरून नाहीसा होतो. त्यातही देशात 2020 साली नोंदवलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22 टक्क्यांना असं वैद्यकीय प्रमाणपत्र होतं. एवढ्या अर्धवट कागदांत मधुमेह कमी दिसला, तर त्यावरून मधुमेह निर्दोष ठरत नाही.

म्हणून अशा मृत्यूंचा हिशोब दाखल्यांवरून करत नाहीत. हजारो माणसांची साखर आधी तपासून ठेवतात आणि पुढे वर्षानुवर्षं कोण जगलं, कोण गेलं ते बघतात. मेक्सिको सिटीत 1998 ते 2004 या काळात दीड लाख प्रौढांची अशी नोंद केली. निष्कर्ष 2016 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. 35 ते 59 वयात मधुमेह असलेल्यांचा मृत्यूदर नसलेल्यांच्या पाचपटीहून जास्त होता, 60 ते 74 वयात तिप्पट. किडनीच्या आजाराने मरण्याचं प्रमाण तर वीसपट. 35 ते 74 या वयातल्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश मृत्यू मधुमेहाशी जोडलेले निघाले. हार्ट, किडनी, जंतुसंसर्ग अशी कारणं लिहिलेलेही त्यात आले.

मेक्सिकोचं उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण तो आपल्यासारखाच मध्यम उत्पन्नाचा देश आहे. तिथल्या या पेशंटांचं सरासरी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) 9 होतं, म्हणजे साखर सरासरी 210 च्या आसपास, आणि बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्या फार कमी लोकांना मिळत होत्या. आता याच्याशेजारी 2011 चा एक अभ्यास ठेवा. त्यात मुख्यतः श्रीमंत देशांतले आठ लाखांहून जास्त लोक होते. तिथे मधुमेहींचा मृत्यूदर 1.8 पट निघाला. औषधांनी माणसं मरत असती तर जिथे उपचार नीट मिळतात तिथे जास्त मेली असती. आपल्याकडे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 च्या अहवालानुसार 10 कोटींहून जास्त प्रौढांना मधुमेह आहे. त्यांना मेक्सिकोच्या वाटेने न्यायचं असेल, तर असे मेसेज पुढे ढकलत राहणं पुरेसं आहे.

बाकीचे मुद्दे भराभर उरकते. 1997 साली उपाशीपोटीची मर्यादा 140 वरून 126 वर आणली हे खरं आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने आणली, डोळ्यांच्या पडद्याला होणारी इजा 140 च्या बरीच आधी सुरू होते हे तपासण्यांत दिसलं म्हणून. समजा, ती जुनी 140 चीच मर्यादा ठेवली. तरी ज्यांची साखर 250-300 आहे, ते मधुमेहीच ठरतील.

मेटफॉर्मिनने किडनी खराब होत नाही. किडनी मधुमेहाने खराब होते, आणि ती फार कमी काम करायला लागली की औषध शरीरात साचू नये म्हणून डॉक्टर मेटफॉर्मिन थांबवतात. घरच्यांना एवढंच दिसतं की गोळी चालू होती आणि किडनी गेली. ब्रिटनमधल्या मोठ्या यूकेपीडीएस चाचणीत वजन जास्त असलेल्या ज्या नव्या पेशंटांना मेटफॉर्मिन दिलं, त्यांच्यातले मृत्यू 36 टक्के कमी झाले होते.

परदेशातली ती चाचणी म्हणजे 2008 ची ‘अ‍ॅकॉर्ड’. तिच्यात एचबीएवनसी 6 च्या खाली आणायच्या हट्टात मृत्यू वाढले, हे मान्य करावंच लागेल. वयस्कर, हृदयविकाराचा धोका असलेल्या पेशंटची साखर फार जोर लावून खाली खेचू नये हे डॉक्टर त्यातूनच शिकले. पण दुसऱ्या गटाचं लक्ष्य 7 ते 7.9 होतं, आणि तो गटही औषधांवरच होता. औषध सोडून दिलेला गट त्या चाचणीत नव्हताच.

आणि हो, काही लोकांची औषधं सुटतात. ब्रिटनमधल्याच ‘डायरेक्ट’ चाचणीत वर्षभरात जवळपास निम्म्या लोकांचा टाइप 2 मधुमेह (बहुतेक प्रौढांना होतो तो) गोळ्यांशिवाय आटोक्यात राहिला. त्यांनी सुरुवातीचे काही महिने दिवसाला साधारण 850 कॅलरी एवढ्या आहारावर काढले होते. मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, देखरेख चालू होती, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना चाचणीत घेतलंच नव्हतं. कारल्याच्या रसाचा त्यात काहीही भाग नव्हता.

तुमच्या घरात कुणी हा मेसेज वाचून इन्सुलिन बंद केलं असेल, तर आजच त्यांची साखर मोजा आणि डॉक्टरांशी बोलून डोस पुन्हा सुरू करा. उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टीत न्या. शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं आणि का थांबवलं, दोन्ही तिथे स्पष्ट सांगा. लाजेपोटी ‘विसरलो’ म्हणू नका.