तुमच्या त्या हीथक्लिफला सांगा

इंग्लिशमधे एमए केलेल्या बाईला सोसायटीत ठरलेली कामं असतात. लिफ्ट बंद असल्याची नोटीस इंग्रजीत लिहायची, कुणाच्या तरी नातवाचा निबंध तपासायचा, आणि १८४७ साली छापलेल्या कादंबरीतली माणसं अशी का वागली याचा जाब द्यायचा. पहिली दोन कामं मी मुकाट्याने करते. तिसरं नव्याने गळ्यात पडलंय.

झालं असं की आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधे पूर्वी साधी भिशी होती, ती पैशांवरून वाजल्यामुळे बंद पडली आणि तिची पुस्तकभिशी झाली, कारण पुस्तकावरून कोण कशाला भांडेल. चिठ्ठी निघेल ते पुस्तक सगळ्यांनी वाचायचं आणि ज्याच्या घरी पाळी त्याने खायला करायचं. तर या वेळी चिठ्ठी निघाली 'वदरिंग हाइट्स'ची. टाकली होती तळमजल्यावरच्या मुलीने. तिच्याकडे ती २००९ ची, काळ्या कव्हरची प्रत आहे, जिच्यावर 'बेला आणि एडवर्डचं आवडतं पुस्तक' असं छापलेलं होतं. म्हणजे व्हॅम्पायरच्या कादंबरीतल्या पोरापोरीने शिफारस केलेली एमिली ब्रॉन्टे. शाळेत असताना ती प्रेमकथा म्हणून घेतली होती म्हणे आणि तेव्हापासून, 'कुणाशी तरी बोलायचंय' याच्यावर तिची गाडी अडलेली. चिठ्ठी तिची, पण घर माझं आणि एमए माझं. त्यामुळे साबुदाणे वडे तळायचे आणि उत्तरं द्यायची अशी दोन्ही खाती माझ्याकडे आली.

सगळे आले. ए विंगच्या काकूंनी पर्स ठेवायच्या आत सुरुवात केली. "एक माणूस धड नाही हो तुमच्या पुस्तकात. एक म्हणून नाही."

हा 'तुमच्या' शब्द नीट ऐका, कारण पुढचा सगळा वेळ मला तो ऐकावा लागला. तुमचा हीथक्लिफ, तुमची कॅथी, तुमच्या लोकांमधे असंच असतं का. मी जणू मुलीकडची मावशी आणि लग्नात वरणात मीठ कमी पडलंय. (हीथक्लिफ म्हणजे कॅथीच्या वडिलांनी घरी आणून वाढवलेला अनाथ पोरगा, पुस्तकाचा हीरो.)

मी म्हटलं, काकू, तुमचं बरोबरच आहे, जानेवारी १८४८ मधे लंडनच्या 'ॲटलस' नावाच्या पेपरनेही हेच लिहिलं होतं, की यातलं एकूण एक पात्र एकतर द्वेष करण्यासारखं नाहीतर तुच्छ आहे. मला वाटलं, दीडशेच्या वर वर्षांचा पुरावा दिला की काकू शांत होतील. काकू म्हणाल्या, "बघा! तेव्हाही लोकांना कळत होतं, आणि तरी तुमच्या युनिव्हर्सिटीने लावलंच."

मग चौथ्या मजल्यावरची, जिच्याकडे दोन कुत्री आहेत, तिने सांगितलं की हीथक्लिफ कॅथीच्या नणंदेला, इझाबेलाला पळवून नेताना तिचा कुत्रा लटकवतो ना, तिथे मी पुस्तक मिटलं, मला पुढचं काही माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. ठीक आहे. पुढे कोणीतरी म्हणालं की धाकट्या कॅथीला, म्हणजे कॅथीच्या मुलीला, हीथक्लिफ तिच्याच घरात कोंडतो, तर ही फटकन म्हणाली, "तिच्या घरात नाही, त्याच्या, वदरिंग हाइट्सवर, आणि घर सांभाळणाऱ्या नेलीला वेगळ्या खोलीत, चांगले पाच दिवस." पुस्तक मिटलेल्या बाईला सत्ताविसाव्या प्रकरणातले दिवस पाठ. आणि ही एकटी नाही. त्या दिवशी ज्याने ज्याने 'मला नाही झेपलं' म्हटलं, त्या प्रत्येकाला या खानदानातल्या माणसांची माहिती स्वतःच्या चुलत सासऱ्यांपेक्षा जास्त होती.

खानदानाचं म्हणाल तर तो एक स्वतंत्र त्रास. कॅथरीन अर्नशॉ, म्हणजे थोरली कॅथी, एडगर लिंटनशी लग्न करून कॅथरीन लिंटन होते. तिला मुलगी होते, तिचं नावही कॅथरीन, म्हणजे ती जन्मतःच कॅथरीन लिंटन. तिचं लग्न होतं हीथक्लिफच्या मुलाशी, त्याचं पहिलं नावच लिंटन, म्हणजे लिंटन हीथक्लिफ. तो मरतो आणि शेवटी तिचं ठरतं मामाच्या मुलाशी, हेअरटन अर्नशॉशी, म्हणजे आईने जे आडनाव टाकलं ते मुलगी उचलणार. आणि मुख्य हीरोला तर एकच नाव, तेच नाव, तेच आडनाव, आणि तेही त्या घरातल्या एका लहानपणी गेलेल्या मुलाचं. आधार कार्डावर काय लिहिलं असतं, हा प्रश्न खरोखर विचारला गेला.

मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून वंशावळ काढली. त्यावर माझ्या सासूबाई, ज्या आतल्या खोलीत माळ ओढत होत्या आणि ज्यांनी पुस्तकाचं पानही पाहिलेलं नाही, त्या चष्मा लावून बाहेर आल्या आणि त्यांनी एका मिनिटात निकाल दिला. लिंटनची आई ही एडगरची बहीण ना? म्हणजे त्याने केली ती मामाची मुलगी, ते चालतं. पण हेअरटन करणार ती आत्याची मुलगी, ते आपल्यात करत नाहीत. "पण आई, लिंटनशी लग्न जबरदस्तीने लावलंय, कोंडून, आणि हेअरटनवर तिचं खरं प्रेम आहे." "प्रेम असू दे. आत्याची आहे." आणि परत आत. इतक्या वर्षांत विद्वानांनी या पुस्तकावर काय काय लिहिलं, पण 'चुकीच्या लग्नाला रीत आणि बरोबर लग्नाला मोडता' एवढं नेमकं कुणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

दाराआडून ऐकण्याच्या सीनवर सगळ्यांचंच बीपी वाढलं. तुम्हाला आठवत असेल, कॅथी नेलीला सांगत असते की हीथक्लिफशी लग्न करणं मला आता कमीपणाचं होईल, आणि तो बाकावर बसलेला, तेवढंच ऐकून उठून जातो, आणि त्याच्यानंतर ती म्हणते की तो म्हणजेच मी आहे. मग हा गायब तीन वर्षं. आमच्यातली एक, जी रोजच्या लोकलमधे कानात हेडफोन घालून हे पुस्तक ऐकत होती, ती म्हणाली की मुंब्र्याच्या आसपास मी मोठ्याने 'अरे थांब ना' म्हणाले आणि चढणाऱ्या बाईला वाटलं तिलाच बोलले, त्यावरून मुंब्र्यापासून ठाण्यापर्यंत भांडण. तिची दुसरी तक्रार जोसेफबद्दल होती. हा म्हातारा नोकर बोलतो ते काही केल्या कळत नाही, तिने ॲपचा स्पीड कमी करून बघितला, फोन बदलून बघितला. मी म्हटलं फोनचा दोष नाही, ती यॉर्कशायरची गावरान बोली आहे आणि दक्षिणेकडच्या इंग्रजांनाही ती कळेना म्हणून १८५० च्या आवृत्तीत एमिलीची बहीण शार्लट हिने ती जरा सौम्य केली होती. ती म्हणाली मग माझ्या ॲपवाल्याने सौम्य नसलेली का टाकली, आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच अपलोड केलीय.

शार्लटचं नाव निघालं तिथून सगळं वेगळ्याच दिशेला गेलं. त्याच आवृत्तीच्या प्रस्तावनेत तिने लिहिलंय की हीथक्लिफसारखी माणसं निर्माण करणं योग्य आहे का ते मला ठाऊक नाही, मला तरी तसं वाटत नाही. हे मी सांगितलं मात्र, ए विंगच्या काकू, ज्या आत्तापर्यंत एमिलीला फाडून खात होत्या, एकदम तिच्या बाजूने झाल्या. "सख्ख्या बहिणीने छापून आणलं? ती बिचारी होती का तेव्हा?" नव्हती. डिसेंबर १८४८ मधे गेली, तीस वर्षांची होती, आणि तिच्या लिहायच्या पेटीत तिच्या पुस्तकाची पाच परीक्षणं कापून ठेवलेली सापडली. "म्हणजे वाचत होती ती लोक काय म्हणतात ते," काकू म्हणाल्या आणि त्यांनी शार्लटला जे काही सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. चांगला दहा मिनिटं हीथक्लिफला आराम मिळाला.

मधेच दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा, जे फक्त वड्यांसाठी येतात आणि ते लपवतही नाहीत, सारखे विचारत होते, "प्राण कधी येतो?" त्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं, त्यांनी १९६६ चा 'दिल दिया दर्द लिया' पाहिला होता, जो याच गोष्टीवरून काढलाय, दिलीपकुमार आणि वहिदा रेहमान, आणि कॅथीच्या भावाच्या, हिंडलीच्या जागी प्राण. कुठलाही मुद्दा निघाला की ते त्यात प्राणला घालायचे. गंमत म्हणजे तो बसायचा. हिंडली हीथक्लिफला गोठ्यात कामाला लावतो, प्राण. हिंडली दारू पिऊन पोराला जिन्यावरून सोडतो, प्राणच. आजोबांना एकच गोष्ट पटेना, की हीथक्लिफ इतका सूड घेतो तो दिलीपकुमारसारखा माणूस कसा घेईल.

खरा तमाशा त्यानंतर. आमच्याकडे एक निवृत्त तलाठी काका आहेत. ते तोपर्यंत काही बोलले नव्हते, मांडीवर वही होती. त्यांनी वही उघडली आणि म्हणाले की प्रेमबिम बाजूला ठेवा, हे पुस्तक जमिनीबद्दल आहे. हिंडली जुगारी, रोख पैशासाठी एकेक तुकडा गहाण टाकत गेला, गहाण कुणाकडे? हीथक्लिफकडे. म्हणजे तो प्रियकर नाही, सावकार आहे. पुढे थ्रशक्रॉस ग्रेंज, म्हणजे लिंटनांची इस्टेट. एडगर मरायला टेकलाय, त्याला मृत्युपत्र बदलायचंय, वकिलाला बोलावलंय आणि वकील येत नाही, का? फोडलेला. मग लिंटन मरतो, जंगम मालमत्ता बापाच्या नावे करून, पण जमीन? तो अज्ञान होता! अज्ञान मुलगा जमीन लिहून देऊ शकत नाही, नेली स्वतः सांगते, आणि तरी हा माणूस ग्रेंजवर बसून भाडेकरू ठेवतो. "हा बेकायदेशीर कब्जा आहे. त्या पोरीकडे पैसे नव्हते म्हणून ती कोर्टात गेली नाही, एवढंच."

मी चाट पडले, कारण १९२६ मधे सी. पी. सँगर नावाच्या एका वकिलाने याच कादंबरीवर एक छोटी पुस्तिका काढली होती, तारखा, वंशावळ आणि इस्टेटीचा कायदा असं सगळं लावून, आणि ब्रॉन्टेबाईंना कायदा पक्का माहीत होता असं त्याचं म्हणणं. यॉर्कशायरच्या पाद्र्याच्या मुलीला गहाणखताची खाचखोच कळावी आणि ती डोंबिवलीत एका तलाठ्याला कळावी, मधे कुणाचीच मदत लागू नये, याचं मला फार बरं वाटलं. तसं मी बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, बरं ते राहू दे, तुमच्या त्या हीथक्लिफला सांगा, असले व्यवहार टिकत नाहीत.

यानंतर कुणीतरी नेलीचं नाव काढलं. खरी कळलावी तीच, ती सगळ्यांची पत्रं पोचवते, अडवते, कॅथी आजारी असताना एडगरला सांगत नाही, हीथक्लिफ ऐकून गेलाय हे कॅथीला लगेच सांगत नाही. यात नवीन काही नाही, १९५८ मधे एका अमेरिकन प्राध्यापकाने नेलीच व्हिलन असा अख्खा लेख लिहिलाय. पण आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी वडे आणून ठेवत होत्या, त्या थांबल्या. त्यांना गोष्ट थोडीफार माहीत होती, कारण मी महिनाभर तळताना-लाटताना तीच बडबडत होते. "घरात एक मेला की दुसरा आजारी. सगळ्यांचं हिनं काढायचं. पोरं पण हिनंच वाढवायची. आणि भांडण लावलं म्हणून नाव पण हिचंच?" मग जरा थांबून, "पगार वेळेवर देत होते का?" कुणालाच माहीत नव्हतं. वहीत बघून तलाठी काकांनाही सांगता येईना. सगळ्याजणी एकदम वडे छान झालेत म्हणायला लागल्या.

दांते गॅब्रिएल रॉझेटी नावाच्या कवीने १८५४ मधे एका मित्राला लिहिलं होतं की ही गोष्ट नरकात घडते, फक्त तिथल्या जागांना आणि माणसांना इंग्रजी नावं आहेत. मी निरोप देताना सगळ्यांना हे सांगावं म्हणून राखून ठेवलं होतं, पण निरोप झालाच नाही, लिफ्ट येऊन तीन वेळा खाली गेली तरी दारात चपला घालून चर्चा चालूच. हीथक्लिफने कॅथीची कबर उकरायला नको होती, तेही आधी एकदा प्रयत्न करून झाल्यावर. तळमजल्यावरची मुलगी, जिने हे सगळं सुरू केलं, ती कोपऱ्यात उभी राहून 'पण त्याचं प्रेम होतं' एवढंच म्हणू बघत होती आणि तिला कोणी वाक्य पूर्ण करू देत नव्हतं. पुढच्या महिन्यासाठी कुणीही मरणार नाही असं पुस्तक हवं यावर एकमत झालं आणि चिठ्ठी काढायची राहून गेली.

मी भांडी लावून, दिवे मालवून आडवी झाले तर ग्रुपवर तलाठी काकांचा मेसेज. हीथक्लिफ मृत्युपत्र न करता गेला हे तुमच्या लक्षात आलं का. मुलगा आधीच मेला, बायको मेली, नातेवाईक ठाऊक नाहीत. म्हणजे वारस नाही. म्हणजे त्याच्या नावावर जे काही आहे ते सरळ सरकारजमा, हेअरटनला फुटकी कवडी मिळत नाही. खाली तीन जणींचे रडके चेहरे. एकीने विचारलं, मग त्या दोघांनी एक जानेवारीला लग्न करून राहायचं कुठे, ग्रेंज तरी पोरीच्या नावावर होईल ना. काकांनी लिहिलं, अर्ज करावा लागेल.

त्यावर ए विंगच्या काकूंचा व्हॉइस मेसेज आला, झोपलेल्या नवऱ्याच्या शेजारून दबक्या आवाजात केलेला. "अहो, पोराचं आत्ता कुठे जरा बरं चाललंय. तुम्ही कशाला जाताय सरकारला सांगायला?"