पोटातले पोटभाडेकरू : मुलुंडहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार. आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. सासूबाई आयसीयूतून घरी आल्या, त्यांच्या रेक्टल स्वॅबच्या (गुदद्वारातून घेतलेल्या नमुन्याच्या) अहवालात कार्बापेनेम या अतिशय जोरकस अँटिबायोटिकांना दाद न देणारा क्लेब्सिएला हा जिवाणू आढळला, आणि अशा जिवाणूंवरचा माझा मागचा लेख नातेवाइकांत फिरल्यावर जाऊबाईंनी मुलांना आजीजवळ पाठवणे बंद केले, असे आपण लिहिले आहे. शिवाय असे जिवाणू पसरण्याचा दोष रुग्णालयांचा असताना, साध्या जुलाबावर मेडिकलमधून सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या पाच गोळ्या आणणाऱ्यांना मी त्यात का ओढले, असेही आपण विचारले आहे.

पहिल्या तक्रारीपुरती चूक माझी आहे. त्या लेखात ‘संसर्ग’ हा शब्द मी दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरला. जिवाणू आतड्यात नुसते राहत असतील, तर ती व्यक्ती वाहक असते. ते रक्तात, मूत्रमार्गात किंवा फुप्फुसात शिरून आजार घडवतात, तेव्हाच त्याला संसर्ग म्हणायचे. सासूबाईंना ताप किंवा लघवीची तक्रार नाही, असे आपणच लिहिले आहे. मग केवळ स्वॅबमध्ये जिवाणू सापडला म्हणून त्यांना अँटिबायोटिक देण्याचे कारण नाही, आणि नातवंडांनी त्यांच्या मांडीवर खुशाल बसावे. शौचानंतर, डायपर बदलल्यावर आणि स्वयंपाकाला लागण्यापूर्वी साबणाने हात धुणे मात्र सर्वांनीच पाळावे. पुढे त्यांना पुन्हा दाखल करावे लागले, तर हा अहवाल पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा, कारण औषध निवडताना तो फार उपयोगी पडतो.

दुसरा मुद्दा मात्र मला मान्य करता येत नाही. निरोगी आतड्यात जिवाणूंची एवढी दाटी असते, की नवख्याला सहसा तेथे बिऱ्हाड थाटता येत नाही. अँटिबायोटिक घेतले की जुने रहिवासी मोठ्या संख्येने मरतात, खोल्या रिकाम्या होतात, आणि औषधाला न जुमानणारे पोटभाडेकरू (शब्दावरील कोटीबद्दल क्षमस्व) तेथे पसरतात. रुग्णालयात हे सर्वांत वेगाने घडते, कारण तेथे जोरकस औषधे, कॅथेटर आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाणारे हात एकत्र येतात. इथवर आपले म्हणणे बरोबरच आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१० साली कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ पैकी २२ जिवाणूंत एनडीएम-१ (कार्बापेनेम निकामी करणारे विकर बनवणारे जनुक) आढळल्याचे प्रसिद्ध केले होते, आणि ते उघडपणे मांडले याचे मला आजही कौतुक वाटते.

पण हे जनुक बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणाऱ्या डीएनएच्या लहानशा कड्यावर असते. आतड्यातला क्लेब्सिएला ते शेजारच्या ई. कोलाय या एरवी निरुपद्रवी जिवाणूला देऊ शकतो, आणि तो ई. कोलाय मैलापाण्यावाटे बाहेर पडल्यावर त्याला रुग्णालयाचे फाटक अडवत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीतील नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ आणि रस्त्यालगत साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत एनडीएम-१ चे जनुक सापडले. त्याहून बोलका आहे तो २०१७ चा डच अभ्यास. निघताना ज्यांच्या आतड्यात ईएसबीएल (सेफिक्झिमसारखी औषधे निकामी करणारी विकरे) बनवणारे जिवाणू नव्हते, अशा दक्षिण आशियात जाऊन आलेल्या प्रवाशांपैकी सुमारे ७५ टक्के लोक ते घेऊन परतले. ही मंडळी काही आयसीयूत झोपायला आली नव्हती. प्रवासात ज्यांनी अँटिबायोटिक घेतले, त्यांना हा धोका अधिक होता, हेही त्याच अभ्यासात दिसले. आपल्या पाच गोळ्यांचा संबंध नेमका इथे येतो.

सेफिक्झिम हे सेफॅलोस्पोरिन या अँटिबायोटिकांच्या गटातील, तिसऱ्या पिढीचे औषध आहे. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-१ (औषधविक्रीच्या नियमांतील यादी) नुसार ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि विक्रीची नोंद दुकानदाराला वहीत ठेवावी लागते. तरीही ते मिळाले, यात दोष आपला एकटीचा मुळीच नाही. पण अचानक लागणारे बहुतेक जुलाब जलसंजीवनी आणि दोन-चार दिवसांची कळ यांवर थांबतात. शौचातून रक्त, जोराचा ताप किंवा अंगातले पाणी कमी झाल्याची लक्षणे दिसली, तर डॉक्टर गाठावा, मेडिकलवाला नव्हे.

मूळ लेखात जेथे जेथे ‘संसर्ग’ चुकीचा पडला होता, तेथे आता ‘वाहक अवस्था’ असे केले आहे. जाऊबाईंना ही दुरुस्त प्रत आजच पाठवावी, ही विनंती.