पीएसएलव्हीच्या मॉडेलला फिन का लावले?

नमस्कार. तुमचा आक्षेप असा: पीएसएलव्हीला, म्हणजे इस्रोच्या उपग्रह सोडणाऱ्या रॉकेटला, मुळात फिनच (शेपटीचे पंख) नाहीत, मग उडवायच्या १:५० मॉडेलला पारदर्शक फिन लावून मी त्याचं रूप बिघडवलं, नाकात शिसं भरलं असतं तरी भागलं असतं. रूपाची काळजी मलाही तितकीच आहे. पण शिशाने इथे भागत नाही.

खरं पीएसएलव्ही उडताना सतत स्वतःला सावरत असतं. पहिल्या टप्प्याच्या नॉझलमध्ये एका बाजूने स्ट्रॉन्शियम परक्लोरेटचं द्रावण सोडून झोत वळवतात. आपल्या मॉडेलला सावरते ती फक्त हवा, आणि त्यासाठी दाबकेंद्र (हवेचा बाजूचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू) गुरुत्वमध्याच्या (वजन जिथे तोलतं तो बिंदू) मागे, निदान नळीच्या एका व्यासाइतकं हवं.

आता दाबकेंद्र काढायच्या बॅरोमनच्या सूत्रांनी हिशेब करून बघा. समोरून येणाऱ्या हवेशी कोन लहान असताना सरळ नळीवर बाजूचा जोर जवळजवळ येतच नाही, येतो तो नाकावर. त्यात नाकाकडचं उष्णताकवच ३.२ मीटर व्यासाचं आणि पहिला टप्पा २.८ मीटरचा, मॉडेलमध्ये ६४ आणि ५६ मिमी. ही जाडी कमी होते तिथे जोर उलटा लागतो आणि दाबकेंद्र आणखी पुढे सरकतं. मी केलेलं मॉडेल बाजूचे बूस्टर नसलेल्या 'कोअर अलोन' रूपाचं आहे, त्यामुळे मागे भर घालणारं काहीच नाही. नाकात कितीही शिसं भरा, गुरुत्वमध्य त्या दाबकेंद्राच्याही एक व्यास पुढे कसा न्यायचा? शिवाय वजन वाढलं की उड्डाणाचा रॉड (सुरुवातीला दिशा देणारी उभी सळई) सोडतानाचा वेग घटतो, आणि फिन काम करतात ते वेगावरच.

'मग फिन आणखी मोठे का नाहीत?' हेही तुम्ही विचारलंत. आपल्या किनाऱ्यामुळे. फिन फार मोठे झाले की रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवतं. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात ते थेट समुद्रावर जाईल. पहाटेच्या मतलई वाऱ्यात ते जमिनीकडे झुकतं खरं, पण पॅराशूट उघडलं की तोच वारा त्याला पाण्याकडे नेतो. म्हणून दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या साधारण दीड व्यास मागे येईल, इतक्याच फिनवर मी थांबलो. उडवायला पुळणीपेक्षा सडा (वरचं कातळाचं पठार) बरा, मात्र गवत वाळलं असेल तर आगीच्या भीतीने तिथेही नको.

फिन खाचेत बसवलेले आहेत. मांडणीत ठेवताना ते काढून घेतो.

पारदर्शक फिन अजिबातच नको असतील तर केरळातल्या थुंब्याहून उडणारं आरएच-२०० हे छोटं संशोधन रॉकेट करा. त्याला स्वतःचे फिन आहेत. फक्त इंजिन भरून गुरुत्वमध्य मोजा. रिकाम्या मॉडेलचा तो बराच पुढे दिसतो.