'ऑलमोस्ट रेडी' म्हणजे नक्की किती हो?

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाच्या खोक्यावर ठळक लिहिलंय, 'ऑलमोस्ट रेडी टू फ्लाय', म्हणजे उडायला जवळजवळ तयार. त्या 'ऑलमोस्ट'मध्ये माझे तीन रविवार गेले! सव्वादोन मीटर पंखांचं विमान हॉलभर पसरलंय आणि घरचे पाय उचलून उचलून चालतायत. पुस्तिकेत सगळे फोटो काळेकुट्ट, खाली एकच ओळ: 'चित्राप्रमाणे जोडा'. काय दिसतंय त्या चित्रात? पाच मिनिटांचं इपॉक्सी, म्हणजे जोडायचा गोंद, चौथ्या मिनिटाला दगड होतं. एक स्क्रू कायम कमी.

आणि दर वेळी तेच, एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, उलटा! रिमोटची काठी उजवीकडे ढकलली की उजवा एलेरॉन वर जायला हवा. आमचे साहेब खाली. ट्रान्समीटरवर, म्हणजे रिमोटवर, रिव्हर्स करावं, तर दोन्ही एलेरॉनना एकच सिग्नल देणाऱ्या वाय-केबलमुळे दुसराही उलटतो. घ्या! उपसा परत सर्वो, ती पट्टी हलवणारी छोटी मोटर.

मग गुरुत्वमध्य. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण २५ ते ३३ टक्क्यांवर तोल साधायचा, तर शेपूट हमखास जड. वजन कमी म्हणून बाल्साचं लाकूड वापरायचं आणि नाकात पाव किलो शिसं कोंबायचं!

एवढं करून मैदानावर पोचावं, तर कुणीतरी विचारतंच, "काका, कितीला पडलं?"

अरे, अजून पडलं नाही. उडू तर दे!