घाम माझा, धास्ती ऑफिसची

काल जिममध्ये पहिल्यांदा साठ किलोचा डेडलिफ्ट मारला, म्हणजे जमिनीवरून तेवढं वजन उचललं. हात सोललेत, पाय लटपटतायत, पण स्वारी खूश! व्हिडिओही झकास आलेला. आणि मग पोस्ट करायच्या बटणावर अंगठा जो अडकला तो अडकलाच. का? तर ऑफिसातले काय म्हणतील!

आता मला सांगा, यात लपवण्यासारखं काय आहे? चोरी केली का मी? पण नाही. डोक्यात लगेच सुरू: घट्ट टी-शर्टमध्ये पोट दिसतंय का? मॅनेजर म्हणणार, 'जिमला वेळ आहे, रिपोर्टला नाही.' मागच्या महिन्यात तापाने दोन दिवस रजा घेतली, तर पुढचे दहा दिवस धावल्याचा एक फोटो टाकायची हिंमत झाली नाही. बरं झालेलं माणूस धावू शकतं हो!

इन्स्टाची स्टोरी 24 तासांत उडते, पण तेवढ्या वेळात मी ती कोणी पाहिली याची यादी पन्नास वेळा उघडते. निवडक लोकांनाच स्टोरी दाखवणारी क्लोज फ्रेंड्सची हिरवी रिंग आहे, मान्य. पण त्या निवडक यादीतही शेजारच्या टेबलवाली आहेच. काढलं तर तिला कळेल का, ही आणखी एक कटकट.

शेवटी काय, नुसत्या बुटांचा फोटो टाकला. सकाळी लिफ्टमध्ये एचआरवाल्या मॅडम हसून म्हणाल्या, "छान आहेत हं बूट!"