लाकडी बैलाची हौस

तान्ह्या पोळ्याला पोरं चाकांचा लाकडी बैल दोरीने ओढत मिरवतात. तो बैल बाजारात तयार मिळतो. शहाण्या माणसाने तो आणावा आणि पुरणपोळी खाऊन झोपावं. पण हातात पटाशी धरायची हौस असली की शहाणपण आधी जातं. त्यात पोळा श्रावण अमावस्येला, तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी, म्हणजे सगळं काम ऐन झडीत. हवा ओली, लाकूड ओलं, रंग वाळायला तयार नाही.

म्हणून लाकूड उन्हाळ्यातच बघून ठेवावं. आरा मशीनवर सागाचे तुकडे मिळतात, त्यातला मधला तपकिरी भाग घ्यावा. कडेचं पांढरं लाकूड स्वस्त पडतं, पण त्याला कीड लवकर लागते. तुकडा ओला असेल तर दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट फासून सावलीत ठेवावा. टोकांतून पाणी भराभर उडतं, पोट ओलंच राहतं आणि बैल पोळ्याआधीच उलतो.

धड 9 इंच लांब, 4 इंच रुंद, 4 इंच उंच. पाय त्याच ठोकळ्यातून कोरायचा मोह फार होतो. तसं केलं की लाकडाचे रेषे पायात आडवे येतात आणि पहिल्याच दगडाला बैल गुडघ्यात मोडतो. पाय वेगळे, सव्वा इंच जाड, रेषे उभे, अर्ध्या इंची खुंटीने बसवलेले. साग तेलकट असतो. सांध्याची जागा ताजी घासून, थिनरने पुसून लगेच फेविकॉल लावावं आणि झड असेल तर पूर्ण एक दिवस हात लावू नये. हा एक दिवस कोणालाच निघत नाही.

खरी परीक्षा चाकांची. फांदीची चकती कापली की झालं चाक, असं वाटतं. पण वाळताना लाकूड गोलाईच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच केंद्राच्या दिशेने आकसतं. त्यामुळे चकतीला काठापासून मध्यापर्यंत चीर पडते, केकचा तुकडा कापून नेल्यासारखी. चाक फळीतूनच काढावं, 3 इंची. आधी भोक पाडावं, मग गोल कापावं. उलट केलं की भोक मध्यावर येत नाही आणि बैल लंगडतो. आस 8 मिलिमीटरचा असेल तर भोक 9 चं. नेमकं 8 चं ठेवलं तर पावसात लाकूड फुगून चाक जाम, 11 चं केलं तर बैल झिंगलेला. ड्रिल मशीन सरळ धरावी. भोक अर्धं झालं की लाईन जाते, हे धरूनच चालावं. गिरमिट जवळ असू द्यावं.

एवढ्यात अंगणात माणसं जमतात.

"हा बैल व्हय का बोकड्या, भाऊ?"

"वशिंड मांगं गेलं न बाप्पा."

वशिंडाबद्दल ते बहुतेक वेळा बरोबर असतात: ते पुढच्या पायांच्या बरोबर वर हवं. शिंगांबद्दल मात्र ऐकू नये. सगळ्यांना खिल्लारी लांब शिंगं हवी असतात आणि तीच सर्वांत आधी तुटतात. आपल्या वर्धेकडचा गवळाऊ बघा, पांढरा, शिंगं आखूड. कोरायला सोपा, मोडायला अवघड. माझं मत गवळाऊला.

घासायला काचकागद 80, मग 120, मग 220 नंबरचा. 80 वरून थेट रंगावर उडी मारली की ओरखडे पांढऱ्या रंगातून ठळक दिसतात, आणि ते बघायला अख्खा गाव येतोच. रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. एक जाड हात दिला तर वरून साय धरते, खाली ओला राहतो आणि बेगडाचं बाशिंग लावताना बोटाचा ठसा कायमचा उमटतो.

दोरी बैलाखालच्या चाकांच्या पाटाला, पुढच्या चाकांपाशी बांधायची. गळ्यात बांधली तर ओढ उंचावरून बसते, चाक खड्ड्यात अडकलं की बैल तोंडावर.

मग पोट्टे बैल घेऊन निघतात. बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारी ओवाळणी, दोरी धरणाऱ्याला मिळतो. पटाशीवाल्याला शेजारी भेटतो.

"भाऊ, पुढच्या साली आमच्या पोट्ट्यालेबी एक करजा. पण शिंगं मोठे ठेवजा."